वैशाखातली वाट : येवला ते कारंजा

मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि जून 2025 मध्ये संपूर्ण महामार्ग पूर्ण झाला. या रस्त्याने मराठवाडा आणि वऱ्हाड मुंबईच्या जवळ आले, यात शंका नाही. पण त्याच रस्त्यावर जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा ही नावं निळ्या-हिरव्या पाट्यांवर दिसतात आणि क्षणात मागे पडतात. या गावांना नुसतं ओलांडायचं नाही, त्यांच्यातून जायचं, असं ठरवून मी यंदा भर वैशाखात एकटीच गाडी घेऊन जुन्या रस्त्याने निघाले.

या भागात मे महिन्यात फिरायला कुणी येत नाही. दुपारी बारा ते चार बाजारपेठा ओस पडतात, दुकानांवर हिरव्या जाळ्या आणि गोणपाटं लागतात, पारा चाळिशीच्या पुढे असतो. तरीही उन्हाळाच निवडला, कारण या गावांची खरी घडण तेव्हाच दिसते. पावसाळ्यात सगळीच गावं हिरवी आणि सारखी वाटतात. उन्हाळ्यात मात्र बारवेच्या तळापर्यंतच्या पायऱ्या मोकळ्या होतात, धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडते, आणि कोणतं गाव कशाच्या आधारावर शेकडो वर्षं टिकलं हे कळतं.

सुरुवात येवल्यापासून केली. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेचं हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातलं. त्याची भिस्त पालखेडच्या कालव्यावर. चहाच्या टपरीवरही बोलणं ‘आवर्तन कधी सुटणार’ याचंच. पाण्यावर शेती पुरती विसंबू शकत नाही अशा ठिकाणी हातांना दुसरं काम लागतं. येवल्यात ते काम म्हणजे पैठणी. गल्ल्यांमधून चालताना घराघरातून हातमागाचा एका लयीतला ठोका ऐकू येतो. रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून, आणि मोर, मुनिया, असावलीची वेल विणकराच्या हातून पदरावर उतरते. खऱ्या पैठणीच्या पदराची नक्षी उलट बाजूनेही तितकीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने त्याच्या जागेपुरता फिरवलेला असतो. एका घरात माग खड्ड्यात पाय सोडून बसायच्या जुन्या पद्धतीचा होता. तिथली विणकरीण म्हणाली, “ताई, उन्हाळ्यात खड्ड्यात गार वाटतं. वर पंखा लावला तर धागा हलतो.” पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव पैठणचं असलं तरी आज मागांची सर्वाधिक गर्दी येवल्यात आहे.

याच गावात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढे एकवीस वर्षांनी नागपुरात जे धर्मांतर घडलं त्याची सुरुवात या लहानशा गावातली. ती जागा आता मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. तात्या टोपे यांचा जन्मही येवल्याचा. एका तालुक्याच्या गावाच्या वाट्याला एवढा इतिहास आलेला असतो आणि आपण त्याला साड्यांचं गाव एवढ्यावर निकाली काढतो, याची मला खंत वाटली.

वैजापूर, गंगापूर ओलांडून कायगाव टोक्याला आले. प्रवरा आणि गोदावरीचा हा संगम. काठावर जुनी दगडी मंदिरं आहेत, पण इथलं पाणी आता नदीचं नाही, जायकवाडीच्या फुगवट्याचं आहे. पैठणच्या या धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि शंभर टीएमसीच्या वर साठवण. शंभराहून अधिक गावं या जलाशयाने पूर्ण किंवा अंशतः पोटात घेतली. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ओल्या काळ्या जमिनीवर शेतकरी पिकं घेतात. त्याला इकडे गाळपेरा म्हणतात. पाणी जसजसं उतरतं तसतसा पेरा पुढे सरकतो. पलीकडे ट्रॅक्टरच्या रांगा गाळ भरून नेत होत्या, कारण धरणातला गाळ माळरानाच्या शेतात टाकला की हलकी जमीन कसदार होते. ज्या पाण्याने गावं बुडवली त्याच्याच तळातून माती उचलून माणसं पुन्हा शेत उभं करतात, हे पाहायला वैशाखातच यावं लागतं.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तिथून गोमेदाचे दगड गाड्यांवर लादून समुद्राकडे जात आणि पुढे रोमन जगात पोचत. त्याच पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आहे. तुम्ही आज ज्या उघड्या माळरानातून जाता तो कधीकाळी आंतरराष्ट्रीय व्यापाराचा रस्ता होता, हे ध्यानात आलं की दोन्ही बाजूंची शेतं वेगळी दिसू लागतात.

पण पैठणमध्ये मन अडकतं ते एकनाथांपाशी. त्यांच्या दोन सर्वांत लाडक्या गोष्टी उन्हाळ्याच्याच आहेत. एकीत काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड ते तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी करतात. दुसरीत गोदेच्या तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर घेतात आणि त्याच्या घरी पोचवतात. या कथा मी लहानपणापासून ऐकत आले. दुपारी नदीच्या पात्रात पाऊल टाकलं, चपलेतून चटका बसला, आणि त्या कथांमधली वाळू पहिल्यांदा खरी झाली. सोळाव्या शतकात, जातीच्या करकचलेल्या नियमांच्या गावात, एका ब्राह्मणाने त्या वाळूत ते पोर उचललं, याची किंमत त्या चटक्यानंतर नीट समजते.

पाचोडवरून अंबडला, तिथून जालन्याला. हा मोसंबीचा पट्टा. मे महिन्यात बागा पिवळसर, मलूल दिसतात आणि परक्याला वाटतं की पाण्याअभावी वाळताहेत. एका बागाईतदाराने गाडी थांबवून विचारपूस केली, “एकट्याच हिंडता का?” म्हणत सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि मग समजावून सांगितलं. काही बागांना मुद्दाम पाणी तोडलेलं असतं. त्याला ताण देणं म्हणतात. ताण बसलेलं झाड पानं गाळतं, विश्रांती घेतं आणि मृगाचा पाऊस पडला की एकदम फुलतं. त्या फुलोऱ्याला मृग बहार म्हणतात. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने दुष्काळी हवामानाचंच शेतीतलं तंत्र केलं आहे. मात्र किती ताण द्यायचा याला मर्यादा असते. 2012-13च्या दुष्काळात ती मर्यादा ओलांडली गेली, झाडं वाळली आणि असंख्य बागांवर कुऱ्हाड चालली. मोसंबीचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं जातात. त्या एका उन्हाळ्याने किती वर्षांची कमाई नेली असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण निजामाच्या राज्यातली. गाव तेव्हाही व्यापारी होतं, आजही आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि बांधकामाच्या लोखंडी सळया बनतात. देशभरच्या शेतात जाणारं संकरित बियाणं हा जालन्याचा दुसरा मोठा धंदा. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अवर्षणाच्या जिल्ह्यात बियाण्याचा उद्योग रुजणं विसंगत वाटेल, पण त्याला कारण आहे. बीजोत्पादनाला कोरडी हवा लागते. ओलसर हवेत पिकलेलं बी लवकर खराब होतं.

जालन्याजवळचं कडवंची हे गाव मला मुद्दाम पाहायचं होतं. गेल्या शतकाच्या अखेरीस इथे पाणलोट विकासाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, चर, नाल्यांवरचे बंधारे, आणि नंतर शेताशेतात शेततळी. आज वैशाखात आजूबाजूचे डोंगर भुंडे असताना कडवंचीत द्राक्षाचे मांडव उभे आहेत. वरून पाहिलं तर प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचे निळे चौकोन शिवारभर पसरलेले. पाऊस कडवंचीला शेजारच्या गावांपेक्षा जास्त पडत नाही. पडलेला पाऊस या गावाने अडवला, इतकाच फरक.

सिंदखेडराजा जालना सोडल्यावर लवकरच येतं. आता आपण विदर्भात असतो. शेताला वावर म्हणतात, बांधाला धुरा, आणि वावरांच्या कडेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग सरपणासाठी रचलेले दिसतात. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म इथल्या लखुजी जाधवांच्या राजवाड्यात झाला. दर जानेवारीत इथे लाखोंचा समुदाय लोटतो. मी गेले तेव्हा राजवाड्याच्या प्रवेशद्वारात चार शाळकरी मुलं सावलीला गोट्या खेळत होती, आणि अख्खं गाव शांतपणे पाहायला मिळालं.

जिजाऊंचं नाव सर्वांना ठाऊक, पण त्यांच्या माहेराने पाण्याची किती निगा राखली हे मला ठाऊक नव्हतं. मोती तलावाची दगडी भिंत अजून भक्कम आहे. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेत उतरताना भिंतींवर शिल्पं भेटत जातात आणि प्रत्येक पायरीगणिक हवा गार होते. भर दुपारी बाहेर अंग भाजत असताना बारवेच्या तळाशी बसले, तेव्हा जाणवलं की ही नुसती पाणी भरण्याची जागा नव्हती. बायकांना घराबाहेर बसायची, चार शब्द बोलायची, उन्हातून सुटायची ती हक्काची जागा असणार.

1629 मध्ये निजामशाहाच्या दरबारात, दौलताबादला, लखुजी आणि त्यांच्या मुलांचा दगाफटक्याने खून झाला. सिंदखेडराजातली त्यांची समाधी भव्य आहे. 2024च्या जून महिन्यात तिच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम चालू असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूचं मोठं शिल्प सापडलं. लक्ष्मी पाय चेपते आहे, मागच्या पाटावर समुद्रमंथनाचा प्रसंग कोरलेला. दगड इथला काळा बेसाल्ट नाही. दक्षिणेत होयसळांच्या शिल्पांत वापरतात तशा मऊ दगडाचं ते काम. एवढं शिल्प दक्षिणेतून या गावात आलं, म्हणजे जाधवांच्याही कितीतरी आधी हे ठिकाण मोठ्या वाटेवर होतं.

दुसरबीड, बिबीवरून लोणार. सपाट माळ संपतो आणि अचानक पायाखाली 1.8 किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा उघडतो. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर म्हणून लोणार जगभर अभ्यासलं जातं. त्याचं वय पूर्वी सुमारे 50 हजार वर्षं मानत. पुढच्या मोजणीत ते साडेपाच लाख वर्षांपर्यंत मागे गेलं. तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या क्षारांपासून साबण आणि काच बनवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचं आश्चर्य म्हणतो ते शेकडो वर्षं या गावाचं उत्पन्नाचं साधन होतं. जून 2020 मध्ये या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण शोधलं. उन्हाने पाणी आटून क्षारता वाढली आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत स्थान मिळालं.

मला सर्वांत नवल वाटलं ते विवराच्या काठाचं. तळाशी ओठाला लावता येणार नाही असं पाणी, आणि कडेला गोमुखातून बारमाही कोसळणारी गोड्या पाण्याची धार. वैशाखातही ती धार सुरूच होती. लोक तिच्याखाली अंघोळी करत होते. विवराच्या उतारावर देवळं उभी राहिली ती या गोड्या पाण्याच्या आसऱ्याने. वर गावात दैत्यसूदन मंदिर आहे, विष्णूने लवणासुराला मारल्याच्या कथेचं. त्याच्या बाह्य भिंतींवरची शिल्पं संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावीत. कचऱ्याने भरून गेलेली इथली लिंबी बारव साफ झाली आणि तिचे कोरीव टप्पे पुन्हा उजेडात आले, हेही आवर्जून सांगायला हवं.

सुलतानपूरवरून मेहकर. पैनगंगेच्या काठचं हे गाव शारंगधर बालाजीच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे. 1888 मध्ये जमिनीखालून ही पुरुषभर उंचीहून मोठी काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली. इंग्रज ती विलायतेला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने प्राणप्रतिष्ठा केली, असं इथे सांगतात. प्रदर्शनाच्या काचेआड असती तर ती फक्त पाहिली गेली असती. इथे तिच्यापुढे लग्नाची जोडपी येऊन नारळ फोडत होती. वैशाख हा लग्नसराईचा महिना. बाजारात कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांतच काय ती वर्दळ. गच्च्यांवर साड्यांचे पडदे बांधून त्याखाली कुरडया, पापड, सांडगे वाळत होते. वऱ्हाडात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि शेतावरच्या सालदारांचे वर्षाचे करारही साधारण याच दिवसांत बदलतात. शेतीचं वर्ष या भागात उन्हाळ्यात संपतं आणि उन्हाळ्यातच सुरू होतं.

मालेगाववरून वाशीमला. हे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. याच घराण्यातल्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. अजिंठ्याला दरवर्षी जगभरचे लोक येतात. ते ज्या दरबाराच्या पैशातून आणि रसिकतेतून उभं राहिलं त्या वाशीमला त्यासाठी कुणी येत नाही. इथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, म्हणजे लोकांशी संबंध येताच लोकांची भाषा. आज वाशीम सोयाबीनच्या बाजारासाठी ओळखलं जातं. भोसल्यांच्या काळात भवानी काळू या सरदाराने बांधलेलं बालाजी मंदिर गावाच्या मध्यभागी आहे, आणि पद्मतीर्थाच्या काठी संध्याकाळी अख्खं गाव हवा खायला येतं.

मंगरूळपीर मागे टाकून शेवटचा मुक्काम कारंजा लाड. दत्त संप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचं हे जन्मस्थान, म्हणून महाराष्ट्रभरचे दत्तभक्त इथे येतात. पण या गावाचं दुसरं वैभव कमी लोकांना माहीत आहे. कारंजात जैनांची सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन भट्टारक पीठं होती. त्यांच्या ग्रंथभांडारांत जपलेल्या हस्तलिखितांतून विसाव्या शतकात अपभ्रंश साहित्य पुन्हा प्रकाशात आलं. दहाव्या शतकातला महाकवी पुष्पदंत याचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि 1931 मध्ये ते कारंजा जैन ग्रंथमालेत निघालं. हिरालाल जैन यांनी अशी आणखी कामं केली. मराठी आणि हिंदीच्या उगमाचा अभ्यास ज्या ग्रंथांशिवाय पुढे जात नाही, ते वऱ्हाडातल्या कापसाच्या एका बाजारपेठेत व्यापाऱ्यांच्या दानावर शतकानुशतकं जिवंत राहिले. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस ही गावाच्या दारांची नावंच सांगतात की व्यापार कुठल्या कुठल्या दिशांना जात होता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि 1861 ते 1865 या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा–यवतमाळ अशी छोट्या रुळांची गाडी धावू लागली, ती प्रामुख्याने कापसाच्या गाठींसाठी. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. मँचेस्टरमध्ये 1921 साली तयार झालेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हा मार्ग खाजगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. गेली काही वर्षं ती गाडी बंद आहे आणि रुंद रुळांची मागणी चालू आहे. स्थानकाशेजारच्या पाणपोईवर रांजण भरत असलेल्या आजोबांना मी शकुंतलेबद्दल विचारलं. ते म्हणाले, “बाई, आमचं सारं शिक्षण त्या गाडीनं झालं. कॉलेज मूर्तिजापूरला, अन् तिकीट गरिबाला परवडे तेवढं.” ज्या गाडीने कापूस परदेशी नेला, तिनेच इथल्या पोरांना शाळा-कॉलेजात पोचवलं.

येवल्यापासून कारंजापर्यंत एक गोष्ट प्रत्येक गावात दिसली. या गावांवर पाऊस कधीच उदार नव्हता, म्हणून त्यांना पाणी अडवायला शिकावं लागलं आणि शेतीच्या जोडीला दुसरा व्यवसाय, दुसरी विद्या धरावी लागली. कुणी माग धरला, कुणी बियाणं, कुणी क्षार, कुणी ग्रंथ. जिथे बारवा आणि तलाव राखले गेले तिथे गाव उन्हाळ्यातही धडधाकट वाटतं, जिथे त्यांचे उकिरडे झाले तिथे टँकर येतो. नवा महामार्ग गावांना शहराजवळ आणेल, पण पाणी आणून देणार नाही. ते काम गावाचं आहे आणि त्याची पद्धत त्याच गावात दगडावर कोरलेली आहे.

समृद्धीवरून जाल तेव्हा जालन्याची, सिंदखेडराजाची, मेहकरची किंवा कारंजाची पाटी दिसली की एकदा खाली उतरा. शक्य असेल तर वैशाखात उतरा, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. गावात विचारा, “बारव कुठे आहे?” लोक आनंदाने दाखवतील. आणि ती बारव कचऱ्याने भरलेली दिसली, तर तिथल्या नगरपरिषदेला चार ओळींचं पत्र जरूर लिहा.